भुंग्याला अली कोण म्हणतं?

(शब्दकोड्याबद्दल वाचकांचे प्रश्न आणि कोडं करणाऱ्याची उत्तरं)

गेल्या अंकातल्या कोड्यावर बरेच जण वैतागलेले दिसतायत. पत्रं थोडी, व्हॉट्सॅपच जास्त, आणि एका काकांनी तर अर्धवट भरलेल्या कोड्याचा फोटो पाठवून खाली नुसते जोडलेले हात टाकलेत, आता तो नमस्कार आहे की ‘माफ करा आता’ आहे ते काय कळलं नाही. सगळ्यांचा राग मात्र एकाच गोष्टीवर, जुने आणि कवितेतले शब्द. तेव्हा यावेळी सगळी उत्तरं त्याचीच. क्लूपुढच्या कंसातला आकडा म्हणजे उत्तरात किती अक्षरं ते.

प्रश्न : सर, दुपारची जेवणं आवरून भांडी झाली की मी कोडं घेऊन बसते, दिवसात तेवढाच वेळ माझा. पण ‘भुंगा (२)’ म्हणून अली, ‘हत्ती (२)’ म्हणून इभ, ‘डोंगर (२)’ म्हणून नग? आमच्या माहेरी सासरी कुणी भुंग्याला अली म्हटलेलं मी ऐकलं नाही. मुद्दाम आम्हाला अडवायला असले शब्द घालता काय?
– एक गृहिणी, निपाणी

उत्तर : काकू, अडवायला नाही हो, मीच अडकलेला असतो म्हणून घालतो. कसं ते सांगतो, जरा कागद पेन घ्या.

इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक लेटर बसतं. आपल्यात पूर्ण अक्षर बसतं, काना मात्रा वेलांटी अनुस्वार सगळ्यासकट, जोडाक्षर असलं तरी एकाच चौकोनात. म्हणजे का, कि, की, के ही चार वेगळी बिऱ्हाडं झाली, एकाच्या घरात दुसरं शिरू शकत नाही. आडव्या शब्दात ‘की’ आली तर उभ्या शब्दालाही तीच ‘की’ लागते, ‘कि’ चालत नाही. आता कागदावर एकाखाली एक तीन शब्द लिहा, कनक, नगर, करण. आडवे वाचा. आता वरून खाली उभे वाचा. तेच तीन शब्द आले ना? कनक म्हणजे सोनं, नगर म्हणजे शहर, आणि करण म्हणजे पंचांगातलं पाचवं अंग, तिथी वार नक्षत्र योग करण. हे जमलं कशामुळे तर तिन्ही शब्दांत एकाही अक्षराला कानामात्रा नाही. मोकळी अक्षरं कुठेही जाऊन बसतात, सुरुवातीला मधे शेवटी कुठेही.

आता घरातला साधा शब्द घ्या, खुर्ची. त्यातल्या ‘र्ची’ने सुरू होणारा एक शब्द मला सांगा, मी पुढच्या अंकात तुमच्या नावाने कोडं घालतो. नाही मिळायचा. शेवटी मिर्ची बसेल, खर्ची बसेल, संपलं. म्हणजे खुर्ची एकदा कोड्यात आली की एक कोपरा कायमचा जाम. रोजच्या बोलण्यातले निम्मे शब्द असेच, भांडी, टोमॅटो, पिशवी, चिंध्या. मोकळे शब्द रोजच्या मराठीतही आहेत, घर, मन, जग, नळ, वर, पण ते पहिल्या दहा कोड्यांतच वापरून झाले आणि दर महिन्याला ‘आपण राहतो ते (२)’ विचारलं तर तुम्हीच मला शिव्या घालाल. मग जायचं कुठे? कर, शर, नभ, घन, गज, जलद, पवन, अनल, सगळे मोकळे शब्द संस्कृतात आणि जुन्या कवितेत भरून ठेवलेत, तिकडेच जावं लागतं.

इंग्रजीवाल्यांचंही तेच बरं का. पहिलं कोडं न्यूयॉर्कच्या एका पेपरात २१ डिसेंबर १९१३ ला आर्थर विन यांनी छापलं, आणि आजही त्यांच्या कोड्यात ‘बिफोर, कवितेत’ असा क्लू येतो आणि उत्तर असतं ई-आर-ई, जे आज कुणी बोलत नाही. त्यांना स्वर जास्त असलेले छोटे शब्द लागतात, आम्हाला कानामात्रा नसलेले. गरज तीच.

आणि नगाचं म्हणाल तर खडेबाजारात कापडाच्या दुकानात ‘किती नग देऊ’ विचारतात तो नग वेगळा आणि ‘भलताच नग आहे’ म्हणतो तोही वेगळा. कोड्यातला नग म्हणजे ‘न जाणारा’, जागचा हलत नाही म्हणून डोंगर. अली मात्र तुमचं बरोबर, तो मोकळा नाही, त्याला ‘ली’ आहे. तो मी ‘लीला’साठी घातला होता. त्या कोपऱ्यात दुसरं काही बसतच नव्हतं, काय करणार.

प्रश्न : नमस्कार सर, मी टिळकवाडीत राहते, कॉलेजला आहे. शाळा पूर्ण कन्नड माध्यमात झाली, घरी मराठी बोलतो पण वाचायला उशिरा शिकले. आजोबांबरोबर तुमचं कोडं सोडवते आणि ते प्रत्येक वेळी जिंकतात. मला असे कवितेतले शब्द येतच नाहीत. पटकन शिकायला काही ट्रिक आहे का? की कन्नड शाळेत गेल्यामुळे मी मागेच राहणार?
– एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : मागे? तू आजोबांच्या पुढे आहेस पोरी, तुला फक्त माहीत नाही.

‘पाणी (२)’ असा क्लू आला की आजोबा आधी जल लिहितील, मग खोडतील, मग नीर लिहितील. मराठीत नीर हा कवितेतला शब्द, नळाला नीर आलं असं कुणी म्हणत नाही. आणि तू? तू बसस्टँडवर ‘नीरु’ मागतेस, वर्गात ‘नीरु’ म्हणतेस, तुझ्यासाठी तो तहान लागल्यावरचा शब्द आहे. ‘मासा (२)’, मीन. मराठीत मीन फक्त राशीत राहिला, कन्नडमध्ये बाजारात ‘मीनु’ विकायला असतो. ‘सूर्य (२)’, भानू. आपल्याकडची कन्नड माणसंही बोलताना रविवारच म्हणतात पण कॅलेंडरवर काय छापलंय बघ, भानुवार. ‘सोन्याचं जुनं नाणं (२)’ म्हणजे होन, शिवाजी महाराजांनी पाडलेलं, आणि तो शब्द आला कन्नडमधल्या होन्नुवरून, होन्नु म्हणजे सोनं. एवढंच कशाला, तूप हेच मुळात तुप्प आहे. एकच ठिकाणी सांभाळ, तुझ्या कन्नडमध्ये ‘ऊरु’ म्हणजे गाव आणि कोड्यात ‘ऊरू’ म्हणजे मांडी. ‘आमच्या मांडीला या’ असं व्हायला नको.

ट्रिक विचारलीस तर आहे एक. पाण्याचे चार शब्द पाठ कर, जल, नीर, अंबु, वारि (ही पंढरपूरची वारी नव्हे). आता प्रत्येकाला शेवटी ज लाव, म्हणजे ‘जन्मलेला’. जलज, नीरज, अंबुज, वारिज, चारही म्हणजे कमळ, पाण्यात जन्मलेलं. ज काढून द लाव, म्हणजे ‘देणारा’. जलद, नीरद, अंबुद, वारिद, चारही ढग. द काढून धी लाव, साठवणारा, जलधी, नीरधी, अंबुधी, वारिधी, सगळे समुद्र. चार शब्दांचे बारा झाले आणि अजून तुझा चहा संपला नसेल. तसंच शेवटी ‘ग’ दिसला की जाणारा. खग म्हणजे आकाशात जाणारा, पक्षी (ख म्हणजे आकाश, एका अक्षराचा शब्द, कोडंवाल्याला लॉटरी). उरग म्हणजे उराने, छातीने जाणारा, साप. शेवटी ‘प’ असला तर पिणारा नाहीतर पाळणारा. मधुप मध पितो म्हणून भुंगा, पादप पायाने पितो म्हणून झाड, आणि नृप माणसांना पाळतो म्हणून राजा, निदान तशी अपेक्षा असते.

आणि वर्गाची हजेरी घे. मी छत्तीस वर्षं हजेरी घेतली आणि नंतर नंतर मला ती डिक्शनरीच वाटायला लागली. समीर वारा, शशांक चंद्र, नीरज, राजीव आणि सरोज तिघेही कमळ, रजनी आणि निशा दोघी रात्र, वसुधा आणि अवनी दोघी पृथ्वी, तनया मुलगी. एकदा सहावीच्या वर्गात मिलिंद नावाच्या मुलाला मी सांगून बसलो की तुझ्या नावाचा अर्थ भुंगा. पुढचा आठवडाभर तो वर्गात शिरला की मागच्या बाकावरून ‘भुंऽऽऽ’ असा आवाज यायचा. आजही कुठे मिलिंद नाव ऐकलं की मला थोडं अपराधी वाटतं.

प्रश्न : सर, तुमच्या कोड्यात कधी ‘रवि’ असतं कधी ‘रवी’. आम्ही ‘वि’ धरून उभा शब्द शोधतो आणि उत्तरात निघते ‘वी’. नक्की काय धरायचं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : दीर्घ धरा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ ला आले, १९७२ ला त्यात चार घातले, झाले अठरा. त्यात शेवटचा इकार उकार दीर्घ लिहायचा असं ठरलं, म्हणून रवी, कवी, भानू, अली. पण समासात पहिला शब्द संस्कृतातला असेल तर तो आपला ऱ्हस्वच राहतो, म्हणून रविवार, कविराज. म्हणजे एकाच कोड्यात रवी आणि रविवार दोन्ही असू शकतात आणि दोन्ही बरोबर. आणि, नि हे दोघे नियमातून सुटलेले. १९६२ च्या आधीचं पुस्तक असेल तर त्यात रवि, कवि असंच दिसणार, आणि आमची पिढी त्याच पुस्तकांवर वाढली म्हणून हात अजून तिकडे वळतो. चूक माझीच आहे, पुढे सांभाळतो.

वेलांटीचा विषय निघालाच आहे तर स्वतःची एक फजिती सांगतो. मागे एकदा ‘वारा (३)’ असा क्लू दिला आणि उत्तरात छापून आलं ‘अनल’. अनल म्हणजे अग्नी! वारा म्हणजे अनिल. सकाळी साडेसातला एका निवृत्त बाईंचा फोन, ‘सर, वाऱ्याला आग लावलीत की.’ त्यानंतर मी लक्षात ठेवलंय, वेलांटी असेल तर वारा, व ला व. तुम्हीही ठेवा, कोड्यात हे दोघे भाऊ कायम येतात.

प्रश्न : माउली, आमच्या भजनी मंडळात काही जण चौथी पाचवी शिकलेले. पण तुमच्या कोड्यातला ‘समुदाय (४)’, ‘समुद्र (३)’ विचारला की ते बसल्या जागी सांगतात, आणि आमचा बीकॉम झालेला नातू डोकं खाजवत बसतो. हे कसं काय?
– एक वारकरी, खानापूर तालुका

उत्तर : पसायदान, दुसरं काय. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची म्हणजे १२९० सालची, सातशे वर्षं होऊन गेली, आणि तिच्या शेवटाकडे येणाऱ्या पसायदानाच्या नऊ ओव्या ज्यांना पाठ आहेत त्यांना माझी अर्धी कोडी फुकट सुटतात. समुदाय म्हणजे मांदियाळी, मां-दि-या-ळी, चार. वाकडेपणा (३) व्यंकटी. समुद्र (३) अर्णव. अमृत (३) पीयूष. सूर्य (३) मार्तंड. पाप (३) दुरित. काळोख (३) तिमिर. नातवाने हे शब्द वाचले असतील तर परीक्षेपुरते, तुमच्या मंडळींनी ते टाळाच्या तालावर हजार वेळा म्हटलेत, फरक तिथे आहे. नातवाला रागावू नका, त्याच्या मित्रांतच एखादा अर्णव आणि एखादा पीयूष निघेल, त्यांना विचारायला सांगा.

एक शब्द मात्र मी पसायदानातला घेत नाही, आरव. तिथे कल्पतरूंचे आरव म्हणजे बागा, आणि संस्कृत कोश उघडला तर आरव म्हणजे आवाज. दोन्ही बरोबर, म्हणजे दोन्हीकडून पत्रं येणार. हल्ली बाळांची नावं आरव ठेवतात तेव्हा आईबापांच्या मनात बाग असते की आवाज हे विचारायचा धीर अजून झालेला नाही, रात्री दोन वाजता बहुतेक त्यांना कळतच असेल.

प्रश्न : मोबाइलवर अर्थ शोधून कोडं भरलं तर ते चीटिंग का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : स्पर्धेचं कूपन भरत असाल तर होय. एरवी नाही, आमच्या वेळी शब्दकोश उघडायचो तेही शोधणंच होतं. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश सात खंडांचा, १९३२ ते १९३८ मधे निघाला, आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी त्याच्याही शंभर वर्षं आधीचा, १८३१ चा, आता दोन्ही मोबाइलवर मिळतात. फक्त आधी दोन मिनिटं स्वतःचं डोकं चालवा.

प्रश्न : सर, मी वडगावचा, आमचा पिढ्यान्‌पिढ्या विणकरीचा धंदा. मागच्या महिन्यात ‘विणकर इकडून तिकडे फेकतो ते (२)’ असा क्लू होता. मी ‘लाळी’ लिहिलं. तुमचं उत्तर ‘धोटा’. पन्नास वर्षं जी वस्तू हातात आहे तिचं नाव मला चुकलं म्हणायचं काय? कूपन बाद झालं ते वेगळंच.
– एक विणकर, वडगाव

उत्तर : हे पत्र वाचून मी खरंच गप्प झालो. तुमचं चुकलं नाही. मी कोशात बघून धोटा घातला, आणि वडगाव शहापूरच्या मागावर त्याला कन्नडमधली लाळी म्हणतात हे इथे आयुष्य काढूनही मला सुचलं नाही. कोड्यात ‘टा’वरून खाली टाळ जात होता म्हणून धोटाच बसत होता हे खरं, पण ते तुम्हाला घरी बसून कसं कळणार. तुमचं कूपन बरोबर धरायला सांगितलंय.

आणि यावरून मनात आलेलं बोलून टाकतो. इभ, अली, मदन यांची मला काळजी नाही, ते पुस्तकात आहेत, मेलेत तरी सुखात आहेत. खरे चाललेत ते धोट्यासारखे. परवा मी ‘चुलीच्या बगलेतली, त्याच जाळावर तापणारी जागा (२)’ असा क्लू करून घरात सगळ्यांना विचारला. उत्तर वैल. सुनेला आलं नाही, ठीक आहे, तिच्या माहेरीही गॅसच. पण माझ्या बायकोला दोन मिनिटं लागली, आणि आमच्या गावच्या घरी ती अकरा वर्षं त्या वैलावर दूध तापत ठेवायची. आठवल्यावर म्हणाली, ‘अगंबाई, वैल!’ आणि मग साय, मांजर, सासूबाई असं अर्धा तास बोलत बसली, कोडं राहिलं बाजूला. शिंकं, उतरंड, कणगी, मोट, नाडा, असे शब्द तुमच्याकडे असतील तर कळवा, कानामात्रेचं मी बघून घेतो.

प्रश्न : ‘बांबू (२)’ याचं उत्तर तुम्ही ‘वेणू’ दिलंत. वेणू म्हणजे बासरी ना? कृष्णाला वेणुधर म्हणतात. आमच्या बुरुडांच्या घरात बांबूला कळकच म्हणतात, वेणू कुणी म्हणत नाही.
– एक वाचक, शहापूर

उत्तर : वेणू म्हणजे आधी बांबू, मग बांबूची म्हणून बासरी. आपण वेळू म्हणतो तोही तोच, ‘ण’चा ‘ळ’ झालेला. आणि लांब कशाला जायचं, रट्ट राजांच्या वेळच्या लेखांत आपल्या गावाचंच नाव वेणुग्राम आहे, बांबूचं गाव. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, त्याच रट्टांच्या काळातली, १२०४ ची, आत जाऊन मान वर केली की छतातून दगडाचं कमळ खाली उमललेलं दिसतं, जलज म्हणा अंबुज म्हणा. नंतर वेणुग्रामाचं बेळगाव झालं, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी पाटीवर बेळगावी झालं, आणि नावावरून इथे काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कोड्यात मी बे-ळ-गा-व अशी चार अक्षरंच धरतो कारण ‘व’ मोकळा मिळतो.

पण तुम्ही जाता जाता लिहिलेला तो शब्द! कळक. क, ळ, क. तीन अक्षरं, तिन्ही मोकळी, आणि वर मधे ‘ळ’. ळ हे अक्षर कोड्यात भल्याभल्यांना रडवतं, त्याच्याने सुरू होणारा शब्द नाही, त्यामुळे ते मधे असलेला मोकळा शब्द म्हणजे काय चीज आहे ते मलाच माहीत. इतकी वर्षं तुमच्याच गल्लीवरून जातोय, दारात सुपं टोपल्या रोवळ्या विणताना बघतोय, आणि मी बांबूसाठी वेणू शोधत बसलो. पुढच्या अंकात आडवा सात नंबर बघा.